नटवर्य केशवराव दाते

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी मराठी रंगभूमीच्या एका थोर सेवकाचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. कुम्हारी, भिलाई, दुर्ग या परिसरात नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घरून येताना जी शिदोरी आणली, तीत गणपती, दिवाळी अंक आणि नाटक या तीन गोष्टी होत्याच. नाटक म्हटले की आपल्या मनात प्रथम नाट्यसंगीत घुमू लागते. परंतु पेटी-तबल्याची साथ नसताना, केवळ शब्द आणि मुद्रा यांच्या बळावर ज्यांनी प्रेक्षकांस जिंकले, त्यांत केशवराव दाते यांचे नाव अग्रभागी आहे.

केशवरावांचा जन्म १८८९ साली झाला. तारुण्याच्या उंबरठ्यावरच ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. ही मंडळी गद्य नाटकांसाठी विख्यात होती. कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' तिनेच १९०७ साली रंगभूमीवर आणले. कीचकाच्या रूपाने लॉर्ड कर्झनचेच चित्र रेखाटले आहे, अशी सरकारची समजूत झाली व १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. नाटकातील शब्दाला केवढे सामर्थ्य असते, हे या मंडळीतील नटांस असे प्रत्यक्ष अनुभवास आले. संगीत नाटकांचा तो वैभवकाळ होता. गाता गळा हेच नटाचे भांडवल मानले जात असताना गद्य नटास मात्र स्वतःच्या उच्चारावर व विरामांवरच सारी भिस्त ठेवावी लागे. केशवरावांची जडणघडण या शाळेत झाली.

त्या काळच्या रिवाजास अनुसरून आरंभी त्यांनी स्त्रीभूमिकाही केल्या. पुढे पुरुषभूमिकांत त्यांनी नाव मिळविले. हातवारे व आरडाओरडा यांना फाटा देऊन, माणूस घरात जसा बोलतो तसे रंगमंचावर बोलण्याकडे त्यांचा कल होता. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि नेपथ्यही खऱ्या दिवाणखान्यासारखे होते. या नव्या प्रयोगाच्या मंडळींत केशवराव होते. ज्यांनी स्वतः लुगडे नेसून रंगभूमीवर पाऊल टाकले होते, त्यांनीच त्या प्रथेचा अस्त घडविण्यास हातभार लावला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. एकामागून एक कंपन्या कर्जात बुडाल्या. अनेक नामवंत नट निराधार झाले. केशवरावांपुढेही तोच प्रश्न होता. परंतु त्यांचा संयत अभिनय कॅमेऱ्यास मानवणारा ठरला. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यावर तिने १९३४ साली 'अमृतमंथन' काढले. त्याच्या मराठी आवृत्तीत बळीची प्रथा टिकविण्यासाठी कारस्थाने करणारा राजगुरू केशवरावांनी उभा केला. हिंदीत तीच भूमिका चंद्रमोहन यांनी केली होती.

परंतु त्यांच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे १९३७ चा 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. अनाथ नीराचे लग्न फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते व ती हा संबंध मानण्यास ठाम नकार देते. नीरा शांता आपटे यांनी, तर काकासाहेब केशवरावांनी साकारले. जरठ-कुमारी विवाहाचा विषय देवलांनी 'शारदा'त १८९९ सालीच मांडला होता. पण तेथील म्हातारा नवरदेव प्रेक्षकांच्या हसण्याचा विषय होता. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाच्या वयाची किमान मर्यादा घातली, तरी वयातील अंतरावर कोणतेही बंधन घातले नव्हते. अशा वेळी केशवरावांनी काकासाहेबांस खलपुरुष केले नाही की विदूषकही केले नाही. आपली चूक हळूहळू उमगत जाणारा व अखेरीस पश्चात्तापाने नीरेस मोकळे करण्यासाठी स्वतःचे जीवन संपविणारा माणूस त्यांनी दाखविला. प्रेक्षकांस त्याचा संताप आला आणि कणवही आली. अन्याय करणारा हा राक्षस नसून आपल्याच घरातील प्रतिष्ठित वडीलधारा असू शकतो, हे त्या काळच्या कुटुंबांस पडद्यावर पाहावे लागले. चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' हिच्यातही काकासाहेब तेच होते.

१९४१ च्या 'शेजारी'त त्यांनी मिर्झाचा जिवलग हिंदू शेजारी रंगविला. मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. धरणाच्या निमित्ताने या दोन मित्रांत धर्माचे निमित्त करून फूट पाडली जाते, अशी ती कथा. नाना प्रांतांतील व धर्मांतील माणसे शेजारी नांदतात अशा आपल्या पोलादनगरीत तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे शांतारामांच्या राजकमल संस्थेतही ते राहिले. १९४६ च्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'त, चीनमधील युद्धभूमीवर सेवेस गेलेल्या सोलापूरच्या सुपुत्राचे वडील त्यांनी साकारले. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मधील नृत्यगुरू मंगल महाराज हिंदी भाषक प्रेक्षकांच्याही स्मरणात राहिले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्याच वर्षी आलेल्या 'नवरंग'मध्येही केशवराव होते. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

या दीर्घ कालखंडात त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, राजगुरू केला, वृद्ध वर केला आणि पिताही केला. मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्यांच्यापासून एवढे जरी घेतले, की टाळ्यांसाठी आवाज चढवू नये व वाईट माणसाची भूमिकाही समजून घेऊन करावी, तरी महाराष्ट्रापासून दूर आपण जपलेले हे नाटकवेड सार्थकी लागेल, असा आमचा विश्वास आहे.