मिरीसाठी निघालेला वास्को द गामा

भारताचा सागरी मार्ग कुणी शोधला असं गुरुजींनी विचारलं, की आपण सगळे हात वर करतो आणि वास्को द गामा म्हणून मोकळे होतो. मीही तसंच करायचो. पण त्याचं चरित्र वाचलं आणि मला ते उत्तर अर्धवट वाटायला लागलं.

वास्को पोर्तुगाल देशातल्या सिनेश या समुद्रकाठच्या गावचा. त्या काळी युरोपात काळी मिरी फार महाग होती. ती केरळातून अरब आणि इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हातून तिकडे जायची, आणि प्रत्येकजण आपला नफा चढवायचा. पोर्तुगालच्या राजाला ती थेट हवी होती. म्हणून 8 जुलै 1497 रोजी चार गलबतं आणि सुमारे 170 माणसं घेऊन वास्को लिस्बनहून निघाला. सगळ्या आफ्रिकेला वळसा! वर्गातल्या नकाशावर बोट फिरवून बघा. ताजी फळं, भाजीपाला न मिळाल्याने प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजल्या आणि कित्येकजण मेले. निम्मेसुद्धा परत घरी पोचले नाहीत.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदी बंदर आहे. तिथल्या राजाने वास्कोला एक वाटाड्या दिला. त्याला हा समुद्र आणि इथले वारे पाठ होते. महिन्याच्या आत गलबतं केरळच्या किनाऱ्याला लागली. 20 मे 1498 ला ती कालिकतजवळ थांबली. आता सांगा, मार्ग कुणी शोधला? आपले आणि अरब खलाशी तर शेकडो वर्षं या वाटेने ये-जा करत होते. वास्कोने युरोपची वाट तिला जोडली, एवढं खरं.

कालिकतच्या सामोरीन राजासाठी त्याने कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, घंगाळी, साखर, तेल आणि मध असा नजराणा काढला. एवढ्या श्रीमंत राजाला घंगाळी! दरबारची माणसं हसली. वाचताना मीही हसलो.

पुढचं वाचून मात्र हसू पळालं. 1502 मध्ये तो तोफा घेऊन पुन्हा आला. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्याने लुटलं आणि माणसांसकट पेटवलं. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. मी त्याच्या गलबताचं रंगीत चित्र काढून ठेवलं होतं. ते काही द्यावंसं वाटलं नाही. म्हणून या लेखाशेजारी नुसता नकाशा लावलाय.

1524 मध्ये तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा आला. आधी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला उतरला, मग गोव्याला आणि कोचीला गेला. तिथेच 24 डिसेंबर 1524 ला तो वारला.

वास्को मिरी न्यायला आला, पण त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांनी अमेरिकेतली मिरची इकडे आणली. नंदुरबारला लाल पथारी दिसतात ना, तीच! हे मी घरी सांगितलं तर आईला पटेना. मग आधी लोक भाकर कशाशी खात होते, असं तिने मलाच विचारलं. तेव्हा तिखटाला मिरीच होती, हे मी तिला सांगितलं.