सादी कार्नो : उलट्या इंजिनाचा जनक

भिवंडी तालुक्यात अकलोलीच्या कुंडांत निसर्गच पाणी तापवून देतो. घरात मात्र गिझर लागतो आणि विजेच्या एका युनिटमधून तो फार तर एका युनिटइतकी उष्णता देतो. हीट पंप तेच काम साधारण एक तृतीयांश विजेत करतो. त्यामागचा विचार एका फ्रेंच अभियंत्याचा आहे.

सादी कार्नो यांचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लझार सेनानी आणि गणितज्ञ होते. सैन्यात अभियंता झालेल्या सादींना प्रश्न पडला : वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळेल? ते उष्ण आणि थंड बाजूंच्या तापमानावर ठरते, हे उत्तर त्यांनी १८२४ मध्ये पुस्तकात मांडले. इंजिन उलटे चालवून थंड बाजूची उष्णता गरम बाजूला नेता येते, हेही दाखवले. पुस्तक दुर्लक्षित राहिले. १८३२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते कॉलऱ्याने गेले. संसर्गाच्या भीतीने त्यांचे बरेच कागदही नष्ट करण्यात आले.

पुढे १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी हाच उलटा फेरा इमारती उबदार ठेवण्यासाठी सुचवला. आजचा हीट पंप हवेतली उष्णता घेतो आणि काँप्रेसरच्या मदतीने टाकीतल्या पाण्याला देतो. हवा आणि पाणी यांच्या तापमानात फरक जितका कमी, तितकी वीज कमी. म्हणून भिवंडीच्या उबदार हवेत तो चांगला चालतो. यंत्र महाग असते, त्याला मोकळी हवाही लागते. पण गरम पाण्याचा रोजचा वापर मोठा असेल, तर कार्नोंचा नियम वीजबिलात दिसतो.