काटकसरीचा शिल्पकार : सॅम्युएल मोर्स

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे मी नवे काही वाचले की आजीला ते ऐकवावेच लागते. मोर्स यांची हकिकत सांगताना ‘तार’ हा शब्द आला आणि आजी एकदम गप्प झाली. आजोबा मुंबईला गिरणीत होते. तारवाला गल्लीत वळला की कागद उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, असे ती मग म्हणाली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा मी अगदी लहान होतो. परंतु तारेने जगाला लावलेली काटकसर आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये क्षणोक्षणी चालू असते. त्या काटकसरीच्या मुळाशी एक चित्रकार आहे, हे वाचून मला नवल वाटले.

सॅम्युएल फिन्ले ब्रीझ मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटाउन येथे झाला. वडील धर्मोपदेशक आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक होते. १८१० मध्ये येल कॉलेजातून बाहेर पडल्यावर मोर्स चित्रकला शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. इतिहासातील भव्य प्रसंग रंगवावेत ही त्यांची आकांक्षा. पण पोटासाठी लोकांचे चेहरेच रंगवावे लागले.

१८२५ च्या फेब्रुवारीत ते वॉशिंग्टनला सेनापती लाफायेत यांचे चित्र काढत होते. तिकडे न्यू हेवन येथे त्यांची पत्नी ल्युक्रेशिया नुकतीच बाळंत झाली होती. ७ फेब्रुवारीला तिला अचानक मृत्यू आला. वडिलांचे पत्र टपालगाडीने पोहोचायला दिवस लागले आणि मोर्स धावपळ करीत घरी आले तेव्हा तिचा दफनविधीही उरकला होता. या दुःखातूनच तारयंत्र जन्मले असे सरळ म्हणता येणार नाही. ती कल्पना त्यांना सुचली १८३२ साली, युरोपातून परतताना जहाजावर विद्युतचुंबकाची चर्चा ऐकून. पण बातमी उशिरा येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

तारेतून वीज एक तर वाहते किंवा थांबते. एवढ्यावर माणसाची भाषा कशी पाठवायची? मोर्स यांनी प्रथम एक शब्दकोश तयार केला. प्रत्येक शब्दाला क्रमांक. तारेवरून फक्त क्रमांक जायचा आणि पलीकडचा माणूस तोच कोश उघडून शब्द शोधायचा. पुढे ही पद्धत मागे पडली आणि टिंब व रेघ यांची लिपी आली. या कामात त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांचा वाटा मोठा होता. कोणते अक्षर किती वेळा लागते हे कसे कळणार? त्यासाठी मॉरिसटाउनच्या एका छापखान्यातील खिळे मोजले गेले. छापखान्यात ज्या अक्षराचे खिळे जास्त, ते अक्षर भाषेत जास्त! म्हणून इंग्रजीत सतत येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब व ‘टी’ला एकच रेघ मिळाली. आज प्रचलित असलेल्या मोर्स लिपीत क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला मात्र तीन रेघा व एक टिंब लागते. सरकारने १८४३ साली ३०,००० डॉलर मंजूर केले आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला अधिकृत संदेश गेला.

संगणकाच्या फायली लहान करण्याच्या आजच्या पद्धती पाहिल्या की या दोन्ही कल्पना पुन्हा भेटतात. १९५१ मध्ये डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने परीक्षेऐवजी निबंध लिहिताना, वारंवार येणाऱ्या चिन्हास लहान संकेत देण्याची अचूक रीत शोधली. १९७७ मध्ये लेम्पेल व झिव्ह या संशोधकांनी आधी येऊन गेलेला मजकूर हाच कोश मानला. तोच मजकूर पुन्हा आला की नुसती मागची जागा सांगायची. झिप फाइलमध्ये या दोन्ही रीती एकत्र नांदतात. आपल्या तारखात्यातही लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांना ठरलेले क्रमांक होते. ती कोशाचीच युक्ती!

मात्र सर्व फायलींना एकच न्याय लावता येत नाही. हिशेब असो की पत्र, त्यातील एक अक्षर गळाले तरी अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून तेथे फाइल उघडताच मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे. छायाचित्राचे तसे नाही. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धती डोळ्याला सहसा न जाणवणारे रंगांचे बारकावे टाकून देते. एमपीथ्री कानाला न जाणवणारे आवाज गाळते. परंतु टाकलेले परत येत नाही. आजोबांचा एकुलता एक फोटो कोणीतरी मोबाइलवर घेतला. तो नातेवाइकांत फिरत, दरवेळी आणखी दाबला जात माझ्याकडे आला, तेव्हा आजोबांचे डोळे म्हणजे दोन काळे ठिपके उरले होते. आजी म्हणाली, हे तुझे आजोबा नव्हेत. मी मूळ फोटो शोधून काढला आणि आता तो जपून ठेवला आहे.

मोर्स २ एप्रिल १८७२ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. ते निर्दोष नव्हते. गुलामगिरीचे त्यांनी समर्थन केले, हा त्यांच्या चरित्रावरील डाग लपवू नये. तरीही त्यांच्या कार्यातून घेण्यासारखा एक धडा आहे. काटकसर म्हणजे वाटेल ते कापणे नव्हे. जे वारंवार लागते त्याला थोडक्यात मांडावे, जे समोरच्याला ठाऊक आहे ते पुन्हा सांगू नये. पण जे एकदाच मिळते, ते गाळण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. आजीच्या त्या एका वाक्याने मला हे पुस्तकापेक्षा लवकर समजले.

— एस. वाय. बी. ए.