डॉ. आनंदीबाई जोशी : परदेशातले माहेर

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. समुद्र ओलांडून गेलेली, डॉक्टर झालेली आणि बावीस वर्षेही पुरी न होता गेलेली मुलगी म्हणून आपण तिला ओळखतो. तिच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा या अंकात आम्हाला तिच्या आयुष्यातील एका वेगळ्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ती गोष्ट म्हणजे ज्या घराने तिला अमेरिकेत ठेवून घेतले ते घर, आणि त्या घरात तिने मांडलेली पंगत.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने बरेच मोठे, स्वभावाने विक्षिप्त, पण बायकोला शिकवायचेच या एका हट्टाने पछाडलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर, ही रुखरुख तिच्या मनातून कधी गेली नाही. बायकांना बायकांकडूनच औषधपाणी मिळाले पाहिजे, हा विचार तिथे रुजला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर. आपल्या आजे-पणज्यांनी नोकरीपायी मुलूख सोडून बडोद्याची वाट धरली, त्यांना हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे चांगलेच ठाऊक होते. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी वायल्डर नावाच्या मिशनरी गृहस्थांना पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मदत मागितली. वायल्डरांनी ते पत्र 1880 मध्ये आपल्या मासिकात छापले आणि सोबत आपले उत्तरही छापले. त्याचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू.

हे मासिक न्यू जर्सीतील रोझेल या लहानशा गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडले. दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत त्या बसल्या होत्या आणि सहज पाने चाळत होत्या. ना त्यांची हिंदुस्थानात कुणाशी ओळख, ना कुठल्या संस्थेत त्यांना पद. पण एका मुलीला शिकायचे आहे आणि त्यासाठी तिच्याकडे धर्म मागितला जातो आहे, हे वाचून त्यांना राहवले नाही. त्यांनी पत्र लिहिले आणि आपल्या घराचे दार उघडे असल्याचे कळवले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. पुढे तीन वर्षे ही पत्रे चालली. सणवार, चालीरीती, मुलींची लग्ने, आजारपण असे सगळे विषय त्यांत आले. आनंदीबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे धाडली. एकमेकींचे तोंडही न पाहता नाते जडले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जाण्याचे ठरले तेव्हा टीका झाली. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर सभेत तिला उत्तर दिले. अठरा वर्षेही पुरी न झालेली मुलगी इंग्रजीतून, शांतपणे, एकेक आक्षेप घेऊन बोलली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा तिचा निर्धार होता. त्या काळी परदेशगमनाइतकाच जेवणाचा प्रश्न अवघड होता. कुणाच्या हातचे खाल्ले, कुणाच्या शेजारी बसून खाल्ले, यावरून माणूस जातीबाहेर पडत असे. म्हणजे परक्याच्या घरी राहणे हे आज वाटते तसे नुसते सोयीचे काम नव्हते, त्यात सगळे गणगोत पणाला लागत होते.

7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव मागे राहिले. सोबतीला मिशनरी बायका होत्या. शाकाहारी मुलीचे प्रवासात खाण्याचे हाल झाले, आणि धर्मांतराचा आग्रहही सोसावा लागला. 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई तिला घ्यायला आल्या होत्या.

रोझेलच्या घरात ती उन्हाळाभर राहिली. तिच्या खाण्याच्या नेमांना कुणी हसले नाही. तिच्या कुंकवाकडे आणि साडीकडे कुतूहलाने पाहिले गेले, पण ती टाकायला कुणी सांगितले नाही. इथे आमच्या वाचकभगिनींना गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि ते तिथे बरे दिसत नाही, म्हणून आनंदीबाई अमेरिकेत गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या बायकांनी हाच बदल आपापल्या कारणांनी केला आहे.

त्या घरात आनंदीबाई पाहुणी म्हणून बसून राहिल्या नाहीत. मावशीच्या मैत्रिणींना त्यांनी स्वतः रांधून आपल्या पद्धतीचे जेवण घातले. मडमा जमिनीवर पंगतीने बसल्या आणि हाताने जेवल्या. हिंदुस्थानाविषयी त्या बायकांना जे काही ठाऊक असेल ते बहुतेक मिशनऱ्यांच्या वृत्तांतातून आलेले. त्या दिवशी मात्र त्यांना वाढणारी मुलगी समोर उभी होती, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होती. कुठल्याही व्याख्यानाने झाले नसते ते काम त्या जेवणाने केले असावे, असे आम्हाला वाटते.

याची दुसरी बाजूही पाहावी. गोपाळराव 1885 मध्ये अमेरिकेत आले आणि त्यांनी व्याख्यानांतून अमेरिकी समाजावर कडक टीका केली. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण लोक दुखावले गेले, आणि त्याचा ताप आनंदीबाईंना झाला. नवरा व्यासपीठावरून जे तोडत होता, ते बायको स्वयंपाकघरातून आणि पत्रांतून जोडत होती.

ऑक्टोबर 1883 पासून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचा अभ्यास सुरू झाला. प्राचार्या रॅचेल बॉडली यांनी तिच्यावर माया केली. पण थंडी, धुराने भरणारी खोली, अपुरे अन्न आणि रात्रंदिवस अभ्यास यांनी शरीर पोखरले. 11 मार्च 1886 रोजी तिला पदवी मिळाली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम तिला देऊ केले. ते काम मात्र तिच्या हातून व्हायचे नव्हते. क्षयाने ग्रासलेली आनंदीबाई नोव्हेंबर 1886 मध्ये मुंबईला उतरली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेली. एकाही रुग्णाला कोल्हापुरात तिचा हात लागला नाही.

गोपाळरावांनी तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली आणि वर दगड उभारला. कुळाबाहेरच्या, धर्माबाहेरच्या मुलीला आपल्या माणसांत कायमचे ठेवून घेणे, याहून मोठा पाहुणचार कोणता? तो दगड आजही तिथे आहे. पुढल्याच वर्षी, 1888 मध्ये, कॅरोलाइन डॉल या अमेरिकी लेखिकेने तिचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी ते काम केले.

दोन देशांचे संबंध दरबारात आणि कचेऱ्यांत ठरतात, हे खरेच. पण रोझेलची ती गृहिणी कुणाची वकील नव्हती, आणि आनंदीबाईंनाही कुणी आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले नव्हते. एकीने खोली दिली, दुसरीने पाने वाढली. दोघींनीही आपापला धर्म सोडला नाही आणि दुसरीला सोडायला लावला नाही.

आमच्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात आजही परदेशी मुले-मुली शिकायला येतात. वसतिगृहात राहतात, खाणावळीत जेवतात आणि पुष्कळदा एकाही घराचा उंबरा न ओलांडता पदवी घेऊन परत जातात. गौरीच्या जेवणाला आपल्याकडे पाने तर मांडायचीच असतात. त्यांत एक पान अशा मुलीसाठी वाढायला फारसे काही लागत नाही. वरणात तिखट थोडे कमी घालावे, आणि तिला काय चालते, काय चालत नाही, ते आधी विचारून घ्यावे. कार्पेंटरबाईंनीही सुरुवात तिथूनच केली होती.