चिक चॉकलेट : सुरांमागे राहिलेले एक नाव

नांदेड-लातूरकडील विवाहाच्या मिरवणुकीत बँडपथकातील क्लॅरिनेटवादक ‘शोला जो भडके’ची चाल वाजवू लागला, की वृद्धांचेही पाय थिरकतात. गीत कोणाचे, असे विचारल्यास जाणकार मंडळी भगवानदादा, लता मंगेशकर, सी. रामचंद्र, फार तर गीतकार राजेंद्र कृष्ण यांची नावे घेतात. या संगीताच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या चिक चॉकलेट यांचे नाव मात्र क्वचितच कानी येते. वाचकांना आज त्यांचाच परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 साली, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आल्दोना गावी. त्या काळी गोव्यात धर्मग्रामाची शाळा म्हणजे संगीताचीही शाळा असे. तेथील मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत, व्हायोलिन हाती देत आणि मिस्सेसाठी गायकवृंद घडवीत. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात उपजीविकेची साधने तुटपुंजी होती. तेव्हा याच शिदोरीवर असंख्य गोवेकर तरुण मुंबई, कराची, रंगूनपर्यंत पोहोचले.

वाझ यांनी ट्रम्पेट हे वाद्य निवडले. 1935 साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचे जॅझ पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि शहराला या संगीताची गोडी लागली. पुढे वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने आपल्या ‘म्युझिक मेकर्स’ या वाद्यवृंदासह नावारूपास आले. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांची वादनशैली व घोगरा स्वर त्यांनी असा आत्मसात केला, की लोक त्यांनाच भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील नृत्यरजनींना ओहोटी लागली आणि वादक चित्रपटसृष्टीकडे वळले. तेथे त्यांची नितांत गरज होती. संगीतकार चाल बांधीत. परंतु ती स्वरलिपीत उतरविणे, कोणत्या वाद्याने केव्हा व कोणते स्वर वाजवावेत हे ठरविणे आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवणे, हे काम बहुतांशी गोवेकर करीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि आल्दोन्याचे चिक चॉकलेट यांची जोडी अशी जमली. 1951 च्या ‘अलबेला’त ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व बाँगो यांनी मराठमोळ्या ठेक्याशी जे सख्य केले, ते या जोडीचे फळ होय. त्या चित्रपटात चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले, परंतु त्या मार्गाने ते फार पुढे जाऊ शकले नाहीत.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1952 पासून आकाशवाणीने चित्रपटगीतांस आवर घातला, तेव्हा येथील श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. निवेदक चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे सांगत. वादकाचे व वाद्यरचनाकाराचे नाव त्या यादीत नसे. ध्वनिमुद्रिकेवरही ते बहुधा छापले जात नसे. ज्यांचे सूर घराघरांत पोहोचले, त्यांची नावे अशी उंबरठ्याबाहेरच राहिली.

मे 1967 मध्ये, अवघ्या पन्नाशीत, चिक चॉकलेट यांचे निधन झाले.

श्रेय नाकारण्यासाठी दुष्टावा लागतोच असे नाही. नाव न लिहिण्याची सवय त्यास पुरेशी असते. ही सवय केवळ चित्रपटसृष्टीची नव्हे. आपल्या सणाच्या पत्रिकेत पाहुण्यांची नावे ठळक अक्षरांत असतात. पेटी, ढोलकी वा क्लॅरिनेट वाजविणाऱ्यांची मात्र बहुधा नसतात. पुढील पत्रिका छापावयास देण्यापूर्वी त्यांची नावे विचारून घ्यावीत, एवढीच आमची वाचकांना विनंती.