पराभवानंतरही कायद्याचीच वाट

बाबासाहेबांच्या विजयाच्या गोष्टी आपण दर जयंतीला सांगतो. त्यांच्या पराभवाची गोष्ट मात्र क्वचितच सांगतो. आज ती सांगायला हवी.

शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेला हा विद्यार्थी पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला आणि देशाचा पहिला कायदामंत्री झाला. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात संमत झाला. निवडणुकीच्या निकालाला आव्हान कसे द्यायचे, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडले आणि बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबई उत्तरमधून राखीव जागेसाठी उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते होती. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला. बाद झालेली मते मात्र ७४ हजारांच्या वर होती. राखीव जागेचे मत कुजवण्याचा प्रचार विरोधकांनी केला, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. त्यांनी अशोक मेहतांसह निवडणूक रद्द करण्यासाठी याचिका केली. ती फेटाळली गेली.

तरी ते थांबले नाहीत. १९५२ मध्येच ते राज्यसभेत गेले. १९५४ ची भंडारा पोटनिवडणूकही ते लढले आणि हरले. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आम्हाला यातून एक गोष्ट शिकायची आहे. अन्याय झाला असे वाटणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. आज निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते. विजयी उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने लाच, दडपण, जातधर्माच्या नावावर मते मागणे असा भ्रष्ट मार्ग वापरल्याचे सिद्ध झाले, तर निवड रद्द होते. मते चुकीने बाद केली किंवा नियम मोडले, तर त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही दाखवावे लागते.

म्हणून मतदान केंद्रावर बसणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने झालेल्या मतांच्या हिशेबाची प्रत मागून घ्यावी, हरकत लेखी द्यावी आणि कागद जपून ठेवावेत. निकालानंतरच्या घोषणा विरून जातात. न्यायालयात कागदच बोलतो.

जय भीम!