समजून घ्या : दोन मिनिटांचा अंधार टिपणारे नायगमवाला

यवतच्या गच्चीवरून दिवाळीचे रॉकेट टिपताना मोबाइल स्टँडवर ठेवून शटर काही सेकंद उघडे ठेवले, की ठिणग्यांच्या रेषा उमटतात. काजव्यांचेही तसेच. कॅमेरा प्रकाश साठवत जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच तत्त्वावर सूर्यग्रहण टिपले गेले.

कोणी टिपले?
कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांनी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती.

जेऊरला काय घडले?
२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. यवत, दौंडवरून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जेऊरला त्यांनी कॅमेरे मांडले. हाती जेमतेम दोन मिनिटे होती. सूर्याच्या तेजस्वी कडेला क्षणभराचे एक्स्पोजर पुरते, मंद प्रभामंडलाला जास्त वेळ लागतो. ही वाटणी चुकली असती, तर दुसरी संधी नव्हती. वर्णपटाची छायाचित्रे मिळाली आणि त्यांचा अहवालही प्रसिद्ध झाला.

पुढे काय झाले?
ते निवृत्त झाले आणि १९१२मध्ये वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या बळावर चाललेले काम त्याच्याबरोबरच थांबले.